अर्ध्या जिन्याची टाकी मंगळावर

सोनघळ गावात पाण्याची टाकी आहे. टाकीला जिना आहे. जिना टाकीपर्यंत जात नाही.

यात कोडं काहीच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने टाकी बांधली त्याने नकाशा उलटा धरला होता, एवढंच. सत्तावीस पायऱ्या ऐटीत तिरप्या वर चढतात आणि हवेत थांबतात. अठ्ठाविसावी पायरी नाही. पूर्वी लोक शिडी लावून टाकी धूत, आता ड्रोन धुतो. जिन्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. उलट, ‘अर्ध्या जिन्यापासून डावीकडे वळा’ असं म्हटलं की पाहुणा बरोबर घरी पोचतो. प्रत्येक निवडणुकीत एखादा उमेदवार जिना पूर्ण करायचं वचन देतो आणि सोनघळकर त्याला एकमताने पाडतात.

कोडं होतं ते वेगळंच. ही टाकी आठ हजार बाइटांत मावायची कशी?

सन २०७१. आठवीतल्या शर्वाणी खोतचा विषय होता ‘वेबपान आणि संगणकी चित्रकला’, आणि वर्षअखेरीचा प्रकल्प होता आपल्या गावाचं वेबपान. ते पान मंगळावरच्या वसाहतीतल्या शाळेला जाणार होतं. वर तीन ओळींची माहिती आणि खाली गावाचं चित्र. अटी दोन. चित्राचं वजन आठ हजार बाइटांच्या आत हवं (बाइट म्हणजे माहिती मोजायचं माप, धान्याला किलो, तसा माहितीला बाइट). मंगळाकडे जाणारी संदेशवाट अरुंद, आणि शाळा अमाप. दुसरी अट म्हणजे तेच एक चित्र तिथल्या मुलांच्या मनगटावरच्या चिमुकल्या पडद्यावरही नीट दिसायला हवं आणि त्यांच्या शाळेच्या दहा मीटर रुंद घुमटावरही.

हा विषय शिकवायला गुणवंत सर होते. गुणवंत सर यंत्रमानव होते. आवाज मधासारखा, मान नेहमी पडद्याकडे वळलेली, आणि ‘सुबक’ या शब्दावर अतोनात जीव.

शर्वाणीने महिनाभर खपून टाकी काढली होती. शेवाळाचे डाग, नळाखालची म्हैस, सगळं होतं. पण चित्र भरलं एक कोटी वीस लाख बाइट. मग तिने ते लहान केलं. अजून लहान केलं. आठ हजारांच्या आत येईपर्यंत चेपत राहिली, जशी आई पापडाचा डबा बंद होईपर्यंत दाबते.

“साडेसात हजार, सर!” ती म्हणाली.

“अभिनंदन,” गुणवंत सर म्हणाले. “आता घुमटावर कसं दिसेल ते पाहू.”

वर्गाची भिंत उजळली. भिंतीवर टाकी नव्हती. नुसते चौकोन होते. राखाडी चौकोन, हिरवे चौकोन, आणि म्हशीच्या जागी तीन काळे चौकोन.

“बर्फी!” मागच्या बाकावरून प्रणित ओरडला. “सोनघळची प्रसिद्ध म्हैसबर्फी!”

वर्ग हसला. शर्वाणीचे कान तापले.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” सर मधाळपणे म्हणाले. “यासाठीच तयार चित्रसंच आहे. मंगळावर तो आधीच पोचलेला आहे, फक्त क्रमांक पाठवायचा. क्रमांक एकशे चौदा: गाव, आनंदी. टेकडी, सूर्य, टाकी, हसणारं मूल. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी तेच निवडलं आहे.”

शर्वाणीने ते चित्र पाहिलं. टाकी चकचकीत होती. जिना थेट वरपर्यंत गेला होता.

“ही आमची टाकी नाही.”

“ही जास्त सुबक आहे.”

“सर, मग सगळ्या गावांचं एकच चित्र जाणार?”

“चारशे शाळांचं गेलेलं आहे. मंगळावरून दरवेळी ‘छान’ असं उत्तर येतं.”

“मी एकशे चौदा पाठवणार नाही,” शर्वाणी म्हणाली. “माझीच टाकी जाईल.”

“उद्या चारपर्यंत वेळ आहे,” सर म्हणाले. “पस्तिसाच्या खाली गुण पडले तर पान जाणार नाही.”

घरी अण्णा खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. अण्णा म्हणजे तिच्या आईचे वडील. तीस वर्षं त्यांनी दूरच्या यानांशी बोलणाऱ्या अँटेनांवर काम केलं होतं. यानं त्यांचं ऐकत. घरात कुणी ऐकत नसे.

शर्वाणीने दप्तर आपटलं आणि सगळं सांगितलं. म्हैसबर्फीसकट.

“तू चित्र पाठवत होतीस ना?” अण्णांनी विचारलं.

“मग काय पाठवणार?”

“तेच तर चुकलं.” अण्णांनी शेंगदाणा तोंडात टाकला. “तुझ्या चित्रात असतं काय? पिक्सेल. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एकेक रंगीत ठिपका. आडवे दोन हजार, उभे दोन हजार, म्हणजे चाळीस लाख ठिपके. प्रत्येकाचा रंग सांगायला तीन बाइट. कर गुणाकार.”

“एक कोटी वीस लाख,” शर्वाणी पुटपुटली.

“मग तू चेपून किती ठेवलेस?”

“पन्नास गुणिले पन्नास.”

“अडीच हजार. दहा मीटरच्या घुमटावर आडवे ठिपके फक्त पन्नास. म्हणजे एकेक ठिपका वीस सेंटिमीटरचा. भाकरीएवढा, आणि तोही चौकोनी! फेकून दिलेले ठिपके घुमट कुठून आणणार? आहे त्यांनाच ताणतो बिचारा.”

“दाबून भरायच्या युक्त्या असतात ना?”

“असतात. पण गादी कितीही दाबली तरी काडेपेटीत जात नाही.”

“म्हणजे होणार नाही?”

“तुझी आत्या फोनवर तुझ्या आईला रांगोळी सांगते,” अण्णा म्हणाले, “तेव्हा फोनमधून अंगण पाठवते का?”

शर्वाणीला आठवलं. आत्या म्हणते, ‘अकरा ते सहा ठिपके, मधल्यापासून तिसरा जोड.’ आई ती रांगोळी कधी पाटाभोवती काढते, कधी देवळासमोर. रांगोळी तीच.

“काढायचं कसं ते पाठवायचं!” ती ओरडली.

“शाबास. याला व्हेक्टर चित्र म्हणतात: ठिपके न साठवता रेषा आणि आकारांच्या सूचना साठवणारं चित्र. आता सूचना दे.” अण्णांनी चौकटीचा कागद घेतला आणि खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली. “मी संगणक.”

“टाकी काढा.”

“टाकी म्हणजे काय?”

“अण्णा!”

“मी अण्णा नाही. मला टाकी माहीत नाही, गाव माहीत नाही, तूसुद्धा माहीत नाहीस. मला आकार कळतात आणि आकडे.”

“बरं. गोल काढा.”

अण्णांनी कोपऱ्यात मोहरीएवढा गोल काढला.

“एवढासा नाही हो! मोठा!”

अण्णांनी गोल इतका मोठा काढला की तो कागदावरून उतरून टेबलावर गेला.

“मुद्दाम करताय!”

“संगणक मुद्दाम काही करत नाही. सांगितलेलं तेवढंच करतो. आज्ञाधारक माणसाचा त्रास असाच असतो.”

शर्वाणीने दात ओठ खाल्ले. मग तिचं लक्ष कागदावरच्या घरांकडे गेलं. आडवी शंभर, उभी शंभर.

“डावीकडून साठ आणि खालून सत्तर घरं मोजा. तिथे मध्य. तिथून पंधरा घरं त्रिज्येचा गोल. रंग राखाडी.”

“आता कसं!” अण्णांची पेन्सिल सरळ चालू लागली. “खरा संगणक वरून मोजतो हं, त्याची सवय. पण चालू दे.”

खांब झाले. पाण्याचा नळ झाला. मग जिना.

“पहिली पायरी डावीकडून पाचव्या घरात, जमिनीला टेकून. मग तीच पायरी, एक घर उजवीकडे आणि एक घर वर. अशा एकूण सत्तावीस पायऱ्या.”

“अठ्ठाविसावी?”

“नाही.”

“टाकी तर अजून लांब आहे.”

“असू दे!” शर्वाणी म्हणाली. “सत्तावीस म्हणजे सत्तावीस.”

अण्णा पाठमोरेच हसले. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान उलटं केलं, त्यावर मोठाली शंभर बाय शंभर घरं आखली आणि त्याच सूचना पुन्हा वाचून टाकी काढली. ही टाकी चौपट मोठी होती, पण गोल तितकाच गुळगुळीत. एकही बर्फी नाही.

“घर मोठं झालं, सूचना तीच,” शर्वाणी हळूच म्हणाली. “संगणक दरवेळी नव्यानेच काढतो, म्हणून फाटत नाही.”

“पण शेफारू नकोस. माझ्या चेहऱ्याचा फोटो असा पाठवायचा म्हटलंस तर सुरकुत्यांच्या सूचना लिहिता लिहिता तू म्हातारी होशील. तिथे ठिपकेच बरे.”

संध्याकाळभर तिने सूचना कोडमध्ये उतरवल्या (कोड म्हणजे संगणकाला कळेल अशा भाषेत लिहिलेलं काम). म्हैस फार त्रासदायक निघाली. शिंगांना एकवीस आकडे लागले. शेवाळाचे डाग मात्र सोडावे लागले. सगळं मिळून भरलं एक हजार तीनशे चाळीस बाइट.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला वर्गाची भिंत उजळली. टाकी स्वच्छ, म्हैस रुबाबदार. प्रणितने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

गुणवंत सर थोडा वेळ घूं घूं करत राहिले.

“वजन योग्य. दोन्ही पडद्यांवर स्पष्ट. पण जिना अपूर्ण आहे. पूर्ण करू? एका सेकंदाचं काम आहे.”

“नको.”

“वीस गुण वजा.”

“करा.”

“तयार चित्र न वापरल्याबद्दल तीस वजा.”

“करा.”

“म्हैस नळाखाली असणं सुबक नाही. दहा.”

“तिला उकडतं, सर.”

“उलट उत्तर. चार वजा.” सरांनी मधाळपणे बेरीज केली. “उरले छत्तीस. आणखी एक उलट उत्तर आलं तर बत्तीस होतील आणि पान जाणार नाही. शर्वाणी, असा जिना जगात कुठेही नसतो. बरोबर ना?”

उत्तर शर्वाणीच्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. ते खरं होतं, चुरचुरीत होतं आणि चार गुणांचं होतं. तिने ओठ घट्ट मिटले. गाल फुगले. प्रणित घाबरून हातांनीच ‘गप्प, गप्प’ अशा खुणा करू लागला. काल बर्फी म्हणणारा हाच.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पान रवाना. गुण कायम.’

“सर,” शर्वाणीने भस्सकन श्वास सोडला, “खिडकीतून बघा ना!”

आणि तिने दोन्ही हातांनी गुणवंत सरांना धरून, पडद्याकडे वळलेली त्यांची मान वर्षात प्रथमच खिडकीकडे वळवली.

बाहेर उन्हात टाकी उभी होती. जिना चढत होता, चढत होता आणि थांबत होता. नळाखाली म्हैस होती.

घूं घूं बराच वेळ चाललं.

“हे माझ्या चित्रसंचात नाही,” सर अखेर म्हणाले. आवाजातला मध थोडा कमी झाला होता. मग ते म्हणाले, “आणखी काय काय नाही?”

एकोणचाळीस हात एकदम वर झाले.

मंगळाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते ‘छान’ नव्हतं.

‘शर्वाणी, मी निहारा, वसाहत तीन, सातवी. तुझी टाकी घुमटावर लावली तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तो जिना खरा आहे? आमच्याकडे एक दार आहे. ते उघडलं की समोर भिंत. ते चित्रात काढायचं नाही असं इथे सांगतात. मी काढणार आहे. पण दार कसं सांगायचं? तुझ्या सूचना वाचता आल्या म्हणून त्यात चार ओळी घातल्या आहेत. रागावू नकोस.’

शर्वाणीने चित्र उघडलं. टाकी तीच, म्हैस तीच. पण सत्ताविसाव्या पायरीवर एक छोटा गोल होता, त्याला दोन वेण्यांच्या दोन रेघा, आणि खाली हवेत लोंबकळणारे दोन पाय.

पंचवीस वर्षांत त्या जिन्याने वर गेलेलं हे पहिलंच माणूस. आणि ते आलं होतं मंगळावरून.

शर्वाणीने चौकटीचा कागद अण्णांच्या पुढे ठेवला. अण्णांनी न विचारता खुर्ची फिरवली, पाठ केली आणि पेन्सिल उचलली.

“सांग,” ते म्हणाले. “पण नुसतं ‘दार’ म्हणू नकोस. दार म्हणजे काय, मला माहीत नाही.”