ड्रॉ म्हणजे काय

शब्दकोशाच्या कचेरीत भांडायला सहसा कोणी येत नाही. तो आला, तोही ऐन जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा आत ती एकटीच होती. खांदे पावसाने भिजलेले, पण काखेतला जाडजूड क्रीडाकोश मात्र कोरडा.

"'ड्रॉ' काढा," तो म्हणाला.

तिने पान काढलं. 'ड्रॉ : अनिर्णित सामना, बरोबरी.' ती ओळ तिला पाठ होती, कारण ती तिनेच लिहिली होती.

तो तिरंदाजीचा प्रशिक्षक होता. आवाज चढवायचाच असं ठरवून आलेला, पण समोर डबा उघडून बसलेली ही मुलगी पाहून त्याचा सूर आपोआप खाली आला. त्याने समजावून सांगितलं. हॉकीत, बुद्धिबळात ड्रॉ म्हणजे बरोबरी, हे ठीक. टेनिसच्या स्पर्धेत कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, त्यालाही ड्रॉ म्हणतात. आणि तिरंदाजीत धनुष्याची दोरी मागे ओढणं म्हणजे ड्रॉ. त्याच्या धाकट्या बहिणीने प्रशिक्षक होण्याच्या लेखी परीक्षेत तेच लिहिलं होतं. तपासणाऱ्याने हा कोश उघडला आणि उत्तरावर काट मारली. बिचारी एका गुणाने नापास झाली.

"ज्याने कोणी हे लिहिलं ना, त्याने जन्मात धनुष्य हातात धरलेलं नसणार."

"नसेल," ती म्हणाली. तिने डब्याचं झाकण लावलं.

जाताना तो दारात थबकला. "तुम्ही निदान ऐकून तरी घेतलंत... बरं वाटलं."

त्या एका वाक्याने तिची पुरती पंचाईत केली. खरं सांगायचं राहून गेलं आणि तोंडून भलतंच निघालं – कोश सुधारायचा तर खेळ बघायला हवा, मैदानावर आले तर चालेल का? तो म्हणाला, रविवारी या.

ती गेली, आणि त्याने धनुष्य तिच्याच हातात दिलं. पुढच्या रविवारी गेली, त्याच्या पुढच्याही. तो तिच्या हाताला हात लावत नसे. कोपर खाली घसरलं की पेन्सिलीच्या टोकाने हलकेच वर करी. त्या टोकाचा स्पर्श तिला सोमवारपर्यंत जाणवत राही.

"डोळा माझ्याकडे नाही, समोर."

"समोरच आहे."

"मग बाण गवतात का जातोय?"

"त्याला विचारा... मी तर नीट पाठवला होता."

तो हसला की त्याच्या डाव्या गालावर बारीकशी चुणी पडे. कोशात नोंदवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी तिने ते नोंदवून ठेवलं.

तिसऱ्या रविवारनंतर तिने साहेबांपुढे विषय काढला. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलू, उगाच गाजावाजा कशाला? तिला वाटलं, मग त्या मुलीच्या गुणाचं काय? तिने परीक्षा मंडळाला स्वतःच्या सहीने पत्र धाडलं : चूक माझी आहे, उत्तर बरोबर होतं. साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते सोपं होतं. अवघड होता चौथा रविवार.

"ती ओळ मी लिहिली होती," तिने सांगितलं.

तो लक्ष्यात रुतलेले बाण काढायला गेला. अवघे सहा बाण, पण त्याला फार वेळ लागला. परत येऊन म्हणाला, "आज इथेच थांबू."

त्यानंतरचे दोन रविवार ती घरीच राहिली. पुस्तक उघडून एकाच पानाकडे बघत.

मग एका संध्याकाळी कचेरीत एक उंच मुलगी आली. प्रशिक्षकाची बहीण. मंडळाने गुण दिला होता, ती पास झाली होती.

"मला राग आला होता, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पत्र वाचलं आणि गेला. दादाचा तर कधीच गेलाय. खाली उभा आहे... जिना चढायला धजत नाही."

बहिणीला तिथेच सोडून ती धावतच जिना उतरली. तो छत्री मिटून, भिजत उभा होता.

"मला चुकीबद्दल राग नव्हता आला," तो म्हणाला. "तुम्ही लपवलंत, त्याचा आला."

"सांगितलं असतं तर पुढचा रविवार मिळाला नसता."

"आणि तो कशाला हवा होता?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी ऐकायचंय."

तिने मान वर केली. "तुम्ही मला आवडता. धनुष्य काही मला अजून आवडत नाही."

गालावर ती चुणी पडली. "मी घरून बरंच काही ठरवून आलो होतो," तो हळूच म्हणाला, "पण आता एकही शब्द आठवेना. एवढंच कळतं, की तुझ्याशिवाय रविवार सरत नाही."

"मग चालू लागू," ती म्हणाली. "आठवेल तसं सांग."

त्याने छत्री उघडली आणि दोघं निघाली. वर खिडकीत बहिणीने बराच वेळ वाट पाहिली, आणि मग हसत हसत एकटीच घरी गेली.