मतदान संपेपर्यंत

मतदारयादीच्या टेबलापासून हॅटी तणतणत वळली आणि थेट एका अनोळखी तरुणावर आदळली. त्याची काठी ओल्या फरशीवर पडली.

"हल्ला करायचा तर आधी सांगायचं ना," तो हसला. "फ्रान्सच्या आघाडीवर निदान इशारा तरी मिळायचा."

हॅटी वाकायच्या आत तिच्याबरोबर आलेल्या मर्टलने काठी उचलली, वर त्याच्या बाहीवरची धूळही झटकली. हॅटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तसा तो आधीच झाला होता. तोफगोळ्यांच्या कारखान्यात दोघी एकाच यंत्रावर राबायच्या. पण कॅनडातला १९१७चा नवा कायदा असा, की ज्या बाईचा नवरा, बाप, भाऊ किंवा मुलगा सैन्यातून परदेशी गेला, तिलाच मत. मर्टलचा भाऊ गेला होता. हॅटीला नुसत्या बहिणी. सहा वर्षं टोरांटोच्या गल्ल्यांत मताधिकाराची पत्रकं वाटली हॅटीने आणि मत मिळालं मर्टलला, जिने त्याच पत्रकात मासळी बांधून नेली होती.

तो तरुण, लॉर्न, युद्धात जखमी होऊन परतलेला. पुढच्याच आठवड्यात तो त्यांच्याच कारखान्यात गोळे तपासायला लागला. मर्टलशी गप्पा मारायचा, हॅटीचे गोळे मात्र दोन-दोनदा मोजायचा.

"माझ्याच कामावर संशय का रे?"

"संशय कसला... तेवढंच जास्त थांबता येतं."

हॅटी लाजली. मर्टलने हे ऐकलं असावं, अशी तिची फार इच्छा होती.

डिसेंबर लागताच तो अडखळत म्हणाला, "हॅटी, सैनिकाच्या बायकोला मत आहे. सतराला निवडणूक. नाव अजून चढवता येईल... तर आपण—"

"मत काय आहेर म्हणून देतोस?"

"मला तू हवी आहेस गं."

"मग मतदान संपल्यावर विचार. नाहीतर जन्मभर वाटत राहील, मी मतासाठी हो म्हटलं."

म्हणाली खरी, पण तिचं तिलाच रडू आलं. दोन आठवडे मर्टलला रान मोकळं होतं.

सतराला हॅटी बर्फात, मतदानाच्या शाळेबाहेर पत्रकं घेऊन उभी राहिली. अगदी शेवटी लॉर्न आला. त्याच्या दंडाला मर्टल. निसरड्यात कोण कोणाला सावरत होतं, देव जाणे. दोघं आत गेली. हॅटीला आयुष्यात हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी त्या दाराआड होत्या.

"सोपं असतं गं," बाहेर येत मर्टल म्हणाली. "नुसती फुली मारायची." मग ती फाटकापाशी लॉर्नची वाट बघत थांबली.

तो आला तो हॅटीकडेच. मागे दार बंद झालं, कडी लागली. हॅटी त्या दाराकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"संपलं मतदान," तो हळूच म्हणाला. "आता... विचारू?"

"विचार."

"करशील लग्न?"

"करीन. आणि पुढच्या निवडणुकीला आत येईन ती माझ्या नावावर. तुझ्या नाही."

"आणि मी?"

"तू येशील माझ्याबरोबर," हॅटी म्हणाली, आणि मर्टल बघतेय याची नीट खात्री करून तिने त्याचा हात धरला.