भागूबाईंची तक्रार

यातला एकही शब्द मी बनवलेला नाही.

मी नूतन, महिला पोलीस शिपाई. जुन्नर तालुक्यातल्या एका चौकीत काम करते. कुठल्या, ते विचारू नका.

११ डिसेंबर २०२३, सोमवार. दुपारचे पावणेतीन. बदली होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. महिला मदत कक्षात मी एकटीच होते.

बिबट्याने एका बाईवर हल्ला केला म्हणून हायवेवर रास्ता रोको सुरू होता. साहेब, गाडी, सगळे तिकडे. मागच्या खोलीत फक्त हवालदार रखमाजी अण्णा जेवत होते.

वायरलेसची खरखर चालू होती...

ती अचानक थांबली.

मी मान वर केली. समोर एक म्हातारी उभी होती.

दार वाजलं नव्हतं. पावलांचा आवाजही नाही.

"लिवून घे, पोरी. माझा ल्योक दगडू सुनंला लई मारतोय. पंपाच्या खोलीत कोंडलीय तिला."

नाव भागूबाई. पिंपरी पेंढारच्या पुढची वस्ती. मी डायरीत लिहीत गेले.

टप... टप...

तिच्या पदरातून पाणी गळत होतं. मी खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

"आजी, सुनेला घेऊन या. तक्रार तिनेच द्यायला हवी."

खबर कोणीही देऊ शकतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी तोंडातून तेच आलं. इथे सगळे तेच म्हणतात.

"कोंडलेली बाई यील कशी?"

"मग गाडी येऊ दे, निघू आपण."

"येकदा गाडी न्हाई. येकदा सायब न्हाई. येकदा म्हनं घरातलं घरात मिटवा. मी कितींदा यायाचं?"

मला लाज वाटली. स्वतःचाच संताप आला. उठून मागच्या खोलीत गेले. "अण्णा, तुमची मोटरसायकल काढा. आत्ता."

परत आले, तर टेबलासमोर कोणीच नाही. वायरलेस पुन्हा खरखरत होता.

वाटलं, पुढे गेली असेल. वाटेत मात्र ती कुठेच दिसली नाही.

वस्तीवर विहिरीजवळ पंपाची खोली होती. बाहेरून कुलूप. आत काहीच आवाज नाही...

अण्णांनी दगडाने कुलूप तोडलं.

कोपऱ्यात तिशीतली एक बाई पडली होती. हात मोडलेला. ओठ फाटलेले. दोन दिवस तिच्या पोटात पाणीही नव्हतं.

"तुमाला कुनी सांगितलं?" तिने रडत विचारलं.

"तुमच्या सासूबाईंनी. भागूबाईंनी."

ती रडायची थांबली.

"आत्याबाई दिवाळीतच गेल्या. ह्याच विहिरीत..."

मी अण्णांकडे वळले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"नूतनताई, म्हातारी जिती असताना चार बारी आली व्हती चौकीला. सुनंसाठीच. चारी बारी मीच माघारी धाडली."

दगडूला संध्याकाळी उचललं. त्याच्यावर खटला चालू आहे. सून आणे गावी भावाकडे आहे, हात बरा झाला. जानेवारीत ती मला भेटायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "आत्याबाई पाय घसरून पडल्या न्हाईत, ताई. त्या दिवशी मायलेकांचं भांडण व्हतं."

म्हातारीच्या मृत्यूची चौकशी पुन्हा करा, असा अर्ज मी केला. साहेबांनी कपाळाला हात लावला. "नूतन, पुरावा काय? सुनेने डोळ्यांनी पाहिलंय का?"

तिने पाहिलं नव्हतं.

मी डायरी उघडून दाखवली. नाव, पत्ता, वेळ, सगळं माझ्याच अक्षरात. साहेबांनी तारीख पाहिली. दिवाळी कधी होऊन गेली, तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डायरी मिटली.

अर्ज वर गेला. दोन महिन्यांनी परत आला. त्यावर लाल शाईत एकच शेरा होता.

'तक्रारदार मयत. कार्यवाहीची आवश्यकता नाही.'

मी तीन वेळा पुन्हा लिहिलं. तिन्ही वेळा तेच.

अजून त्याच टेबलावर बसते. दुपारी चौकी रिकामी झाली की दाराकडे बघवत नाही.

भीती म्हातारीची वाटत नाही.

ती आली आणि 'माझ्या तक्रारीचं काय झालं?' असं विचारलं, तर...