दर गुरुवारी एकच

चऱ्होलीच्या चौकात मालोजीरावांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान मालोजीरावांचं, पण हात सुजितचे. आठवडाभर तो चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग जोडायचा आणि गुरुवारी, सगळी एमआयडीसी सुट्टीवर असते तेव्हा, इथं येऊन लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप उठवून बसवायचा. त्या गुरुवारी श्रावणातली भुरभुर चालू होती. दारात एक मुलगी अडकली होती. एका हातात मिटता न मिटणारी छत्री, दुसऱ्या हातात ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप. स्वतः निम्मी भिजलेली... लॅपटॉप मात्र कोरडा.

"द्या इकडे," सुजित म्हणाला.

"काय देऊ? छत्री की लॅपटॉप?"

"जे आधी बिघडलंय ते."

ती हसली. आणि सुजित, जो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता सरळ मशीनकडे बघायचा, तो पहिल्यांदाच चुकला.

तिचं नाव वर्षाली. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तयार माल तपासायचं काम करायची. वडील ज्योतीराम वीस वर्षांपूर्वी बीडहून इकडे आले आणि प्रेस मशीनवर उभे राहून त्यांनी दोन मुली शिकवल्या. लॅपटॉप तिनं कुदळवाडीच्या भंगार बाजारातून घेतला होता. चालू केला की चहा ठेवावा, उकळावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. तिला त्यावर आरी वर्कच्या भरतकामाची नक्षी काढायची होती, ब्लाउजच्या पाठीवरची, बाह्यांवरची. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं.

"यावर दुसरी सिस्टिम टाकू, लिनक्स," सुजित म्हणाला. "पळेल मग. आणि फुकट आहे."

"फुकट? मग खोट काय त्यात?"

"खोट नाही. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, कुणीही वापरावं म्हणून. फक्त हवं ते सॉफ्टवेअर आपलं आपण निवडून घ्यायचं."

तासाभरात मशीन खरंच पळायला लागलं. त्यानं तिला दोन्ही रस्ते दाखवले. यादीत शोधून बटण दाबलं तरी सॉफ्टवेअर येतं, नाहीतर काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली तरी येतं. "आणि सगळ्याची नोंद राहते," तो रंगात येऊन म्हणाला. "काय टाकलं, काय काढलं, कोणत्या दिवशी, किती वाजता. काही बिघडलं की नोंद उघडून बघायची."

"सगळ्याची?" तिनं विचारलं.

"सगळ्याची. आता बोला, चित्रांसाठी काय टाकू? जिम्प आहे, फोटोंसाठी. क्रिता, रंगवायला. इंकस्केप, रेघांच्या नक्षीला."

"तुम्ही सांगाल ते."

"असं नाही. वापरणाऱ्यानं निवडायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"काढायचं, दुसरं टाकायचं. इथं कुणी नावं ठेवत नाही."

"बरंय बाई मशीनचं," ती म्हणाली. "आमच्यात कुणी नुसतं बघून गेलं तरी गल्लीभर होतं."

तिनं इंकस्केप निवडलं. बाकीची दहा-बारा सॉफ्टवेअर अर्ध्या तासात टाकून झाली असती. पण सुजितच्या तोंडून भलतंच निघालं, "एकदम सगळं नको. दर गुरुवारी एकच टाकू. आठवडाभर वापरून बघा... पटलं की पुढचं."

"चालेल," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

ती गेल्यावर मालोजीरावांनी पेपर खाली ठेवला. "आरं, गेल्या आठवड्यात त्या मास्तराला धा मिन्टांत धा टाकून दिलीस की! हिला एकच व्हय?"

"मशीन जुनं आहे, मालोजीराव."

"मशीन जुनं हाय, आन् तू कवळा हायस. आन् एक ध्यानात ठेव. दादा न्हाई म्हणली ती तुला."

ते खरं होतं. चौकातली प्रत्येक मुलगी सुजितला दादा म्हणायची. हिनं सगळं बोलणं 'अहो' आणि 'तुम्ही' यांच्या कडेकडेनं रेटलं होतं. त्या दिवशी सुजितनं एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड दोनदा उलटा बसवला.

मग गुरुवारामागून गुरुवार आले. एका गुरुवारी क्रिता. एका गुरुवारी हिशेब नि पत्रांसाठी लिबरऑफिस. एका गुरुवारी गाणी ऐकायचं काहीतरी, आणि त्यावरून अर्धा तास वाद की चांगलं कोणतं. वर्षाली स्टुलावर बसून विचारायची, सुजित सांगायचा, आणि सांगताना त्याचे कान लाल व्हायचे. तिची बोटं कीबोर्डवर सराईत पडायची, पण काळी खिडकी उघडली की ती हात मागे घ्यायची. "तुम्हीच करा बाई. मला नाही जमत."

एकदा तिनं विचारलं, "नोंद बघता का हो कधी माझ्या मशीनची?"

"छे! बिघडल्याशिवाय कुणाच्या मशीनमध्ये डोकवायचं नाही, हा माझा नियम आहे. आणि तुमचं कुठं काय बिघडलंय?"

"बिघडलं नाही म्हणता?" ती त्याच्याकडे बघत राहिली. सुजितला वाटलं, आता काहीतरी बोलावं... आणि त्यानं पंख्यातली धूळ झाडायला घेतली.

त्याला प्रेम कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, बुधवारी झोप लागत नव्हती. पण तो कॉन्ट्रॅक्टवर होता. मोशीत एका खोलीत चौघं. सात महिने भरले की गेटपास बंद, पुन्हा बोलावलं तर नशीब. एका संध्याकाळी ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "घरचे मागे लागत नाहीत का लग्नाचं?" तेव्हा तो म्हणाला, "पर्मनंट झालो की बघू. त्याआधी कुठल्या तोंडानं कुणाला विचारायचं?"

"तोंड तर आहे की," ती म्हणाली, आणि छत्री घेऊन उठली.

दिवाळीच्या आठवड्यापासून ती यायची थांबली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. तुळशीचं लग्न झालं. फोन नंबर होता, पण विचारणार काय? पुढचं सॉफ्टवेअर टाकायला या म्हणून? मालोजीराव दर गुरुवारी म्हणायचे, "इचार की, लेका!" सुजित म्हणायचा, "पर्मनंटचं पत्र येऊ द्या."

आणि पत्र आलं. सोमवारी पहिल्या शिफ्टला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पर्मनंटचं पत्र हातात ठेवलं. सुजितनं ते तीनदा वाचलं. गुरुवारी सकाळी पाव किलो पेढे घेतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ठरवलं, आज ती आली नाही तर थेट तिच्या घरी जायचं.

पण ती आली. हातात लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर पेढ्यांचा पुडा.

"घ्या," तिनं पुडा टेबलावर ठेवला. "साखरपुडा झाला रविवारी."

सुजितनं स्वतःचा पुडा पायानं टेबलाखाली सरकवला.

"वा," तो म्हणाला. "मुलगा?"

"तळेगावचा." ती लॅपटॉपकडे बघत होती. "हा आता सायलीला द्यायचा, माझ्या बहिणीला. माझी नक्षी तेवढी पेनड्राइव्हवर काढून द्या, बाकी सगळं पुसा. आणि मला टाकून दिली होती ती सगळी तिला नव्यानं टाका. एकदम टाका. तिला दर गुरुवारी यायला वेळ नाही." एवढं बोलून ती समोरच्या टेलरकडे निघून गेली.

काय काय टाकलं होतं याची यादी हवी, म्हणून सुजितनं नोंद उघडली. अकरा गुरुवार त्याला तोंडपाठ होते, यादीची खरं तर गरजही नव्हती. पण हात चालत राहिले तर बरं, असं त्याला वाटलं.

नोंदीत पहिला गुरुवार त्याचा होता. इंकस्केप टाकलं. त्याखाली, मंगळवार, संध्याकाळी सात दहा: क्रिता टाकलं. बुधवार: क्रिता काढलं. गुरुवार, दुकानाची वेळ: क्रिता टाकलं. पुढच्या मंगळवारी लिबरऑफिस टाकलं, बुधवारी काढलं, गुरुवारी पुन्हा टाकलं. तो खाली खाली जात राहिला. दर आठवड्याला तेच. घरी आपल्या हातानं टाकायचं, चालवून बघायचं, काढून टाकायचं, आणि गुरुवारी त्याच्यासमोर स्टुलावर बसून म्हणायचं, मला नाही जमत. दिवाळीच्या आठवड्यातही मंगळवारी एक टाकलेलं होतं, बुधवारी काढलेलं होतं. गुरुवारची ओळ तेवढी नव्हती.

तो पुन्हा पहिल्या ओळीपाशी गेला.

"झालं?" ती दारात उभी होती.

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. ती दचकली नाही. येऊन नेहमीच्या स्टुलावर बसली.

"आज बघितलीत?"

"तुम्हाला सगळं येत होतं."

"दुसऱ्या गुरुवारच्या आधीच."

"मग काढून का टाकत होता?"

"आणि तुम्ही एकच का टाकत होता?"

मालोजीराव पेपर घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"नोंद राहते हे तुम्हीच सांगितलंत," वर्षाली हळू आवाजात म्हणाली. "मला वाटायचं, या गुरुवारी बघतील... पुढच्या गुरुवारी बघतील. मी याहून जास्त कसं सांगायचं होतं?"

"मी दुसऱ्याच्या मशीनमध्ये..."

"डोकवत नाही. माहीत आहे. म्हणून तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"माझं चुकलं," सुजित म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

पेनड्राइव्हवर नक्षी उतरली. सगळं पुसून नव्यानं सुरू करायची खिडकी आली. सुजितचं बोट बटणापाशी थांबलं. "यानं नोंदही जाईल."

"जाऊ दे. सायली हुशार आहे, तिनं बघायला नको." त्याचं बोट हलत नाही म्हटल्यावर तिनंच हात पुढे केला आणि बटण दाबलं. पट्टी हळूहळू भरत गेली. दोघं ती भरेपर्यंत बघत बसले, आणि मग त्यानं सगळी सॉफ्टवेअर एकापाठोपाठ एक टाकली. अर्धा तासही लागला नाही.

निघताना त्याच्यानं राहवलं नाही. "ते... पर्मनंट आहेत?"

वर्षाली दारात थांबली.

"नाही. तुमच्यासारखेच, कॉन्ट्रॅक्टवर. पुढं काय, त्यांनाही ठाऊक नाही." तिनं लॅपटॉप ओढणीत गुंडाळला. "पण मामाला घेऊन सरळ घरी आले. त्यांनी विचारलं."

ती रस्ता ओलांडून रिक्षात बसेपर्यंत सुजित उभा होता. मग मालोजीराव आत आले. त्यांनी झाडू घेतला, टेबलाखालून फिरवला, आणि तो पुडा बाहेर आला.

"आन् ह्यो रं कशाचा?"

सुजितनं पुडा उचलला, वरचा दोरा सोडला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पर्मनंट झालो, मालोजीराव."

मालोजीरावांनी एक पेढा उचलला. अर्धा मोडून सुजितच्या हातावर ठेवला.