निळ्या खपल्या

दिवे गेले म्हणून सगळी भाचरं गच्चीवर जमली, तेव्हा मामांनी आपल्या ओळखीच्या कंपाउंडरची गोष्ट काढली.

"तुमच्याच ओळखीच्यांना बरी भुतं भेटतात," थोरली भाची म्हणाली.

"माझी ओळखच तसल्यांशी," मामा म्हणाले, आणि कोणी हसायच्या आत सुरू झाले.

पावसाळा सरल्यावरचा पहिला शनिवार. रात्री साडेदहाच्या सुमारास कंपाउंडर शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीच्या पायाची पट्टी सोडून घरी निघाला. जाताना नेहमीचं वाक्य बोलला, "आता झाकू नका. जरा वारा लागू दे." रमतगमत चालला होता. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

पूर्वी बायको होती. आणि दारात तिचं लाडकं, घराहून जुनं झाड. पाला पन्हळीत अडकतो म्हणून कंपाउंडरच्या वडिलांनी आणि थोरल्या भावानं भुणभुण लावली. दोघांनी जन्मात कधी झाडू धरला नव्हता. पाला काढायची ती. ती म्हणाली, पन्हळीवर येते तेवढी फांदी काढा, झाडाचं डोकं कशाला उडवताय? भाऊ म्हणाला, बायकांना कशाचंही रडू येतं. मग करवतवाले आले आणि एकूणएक फांदी अर्ध्यातून तोडून गेले. उरली नुसती थोटकं.

बायको दिवसभर जेवली नाही. तिची समजूत काढायला कंपाउंडरनं फाटकाचा उरलेला निळा तैलरंग आणला नि शिडी लावून प्रत्येक थोटकाला जाड फासला.

"अहो, आत ओल राहील."

"जखमा मला शिकवू नकोस."

पुढच्या वर्षी थोटकांतून झुडपासारखे धुमारे फुटले. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, बघा कसं तरारलंय. धुमारे वाढून मनगटाएवढे, मग मांडीएवढे झाले. रंगाखाली लाकूड कुजत होतं आणि हे बापलेक त्याच सावलीत खुर्च्या टाकून पेपर वाचत होते. मग एका दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, वरची फांदी बुडातून निसटली. खाली ती कपडे वाळत घालत होती.

तुटल्या जागी लाकूड नव्हतंच. ओला भुसा होता.

वडील म्हणाले, झाडच वाईट निघालं.

गच्चीवर थोरली भाची मामांजवळ सरकली.

तर त्या शनिवारी कंपाउंडर फाटकाशी आला. आतून आवाज येत होता. खर्र… खर्र… घूस असेल म्हणून त्यानं टॉर्च लावला.

झाडाशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. पदर खोचलेला.

खर्र…

ती नखांनी रंग खरवडत होती. खालच्या थोटकावरचा. सावकाश, दुखणार नाही अशी.

पळावं असं त्याला वाटलं नाही. तुझं ऐकायला हवं होतं, एवढंच तिला सांगायचं राहिलं होतं. ती गेल्यापासून रोज रात्री तो ते मनात घोकत होता.

"अगं…"

हात थांबले.

"अगं, मी… तुझं…"

पुढचं निघेना.

ती वळली नाही.

"जरा वारा लागू दे," ती म्हणाली.

टॉर्च विझला. त्यानं हातावर आपटला. लागला. झाड होतं… नुसतं झाड.

उजाडेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. उजेडात जाऊन बघितलं. थोटकावरचा रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. भास झाला असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि रात्रभर रिकामं राहिलेलं अंथरूण काढायला आत गेला.

दोन उशा मांडायची सवय अजून सुटली नव्हती. त्याची उशी कोरी होती. तिच्या उशीला मधोमध खळगा पडला होता, डोकं टेकल्यासारखा. आणि खळग्यात निळ्या रंगाच्या खपल्या.

खालच्या बाजूनं ओल्या.