एकोणीस इंच

मोहसीनशी मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तिथंच थांबा."

तो दारात उभा होता. बाहेर सप्टेंबरची रिपरिप, पाय घोट्यापर्यंत चिखलात, खांद्यावर सागाची फळी. आत त्याचे दादा, म्हणजे आजोबा, नूर मोहम्मद चाचा, वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंतची पहिली फेरी मारत होते. खुब्याचा सांधा बदलून बारावा दिवस. ओल्या फरशीवर नुसता पाय सरकला असता तरी सगळं पाण्यात गेलं असतं.

"माझंच घर आहे, सिस्टर," तो म्हणाला.

"असू द्या. आधी पाय पुसा."

त्याने मुकाट्याने फळी भिंतीला टेकवली आणि दारातल्या पोत्यावर पाय पुसले. एकदा, दोनदा, बोटांमधूनसुद्धा. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आता येऊ?"

चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलकडून मी ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या घरी व्यायाम करून घ्यायला जाते. मंगळवार आणि शनिवार बल्लारपूर, तिथल्या लोकांचं बल्लारशा. चाचांचं घर म्हणजे पुढे ओसरीत सुतारकाम आणि मागे दोन खोल्या. राहणारे आजा आणि नातू, दोघंच. मोहसीनचे आईवडील तो लहान असतानाच गेले. चाचा साठ वर्षं जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून रंधा मारत आलेले. त्यांना मी सांगितलं, आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये.

"मंग मी काय उभ्याउभ्या मरू?" चाचा म्हणाले.

"नाही. खुर्चीवर बसून काम करा. नमाजही खुर्चीवर." मी टेपने त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि मोहसीनला म्हणाले, "बैठक एकोणीस इंच हवी. बरोबर एकोणीस."

त्याने कानावरची पेन्सिल काढून तळहातावर लिहिलं. "कमी झाली तर धोका, का जास्त झाली तर?"

"कमी झाली तर."

शनिवारी खुर्ची तयार होती. सरळ पाठ, दोन्ही बाजूंना भक्कम हात. ओसरीत मी टेप लावला. वीस.

"लाकूड फुगलं असन," तो म्हणाला. "पावसाची हवा."

"चार दिवसांत इंचभर?"

"बल्लारशाचा साग आहे, सिस्टर. त्याच्या मनात आलं तर..."

मला हसू आलं, ते मी टेप गुंडाळण्यात लपवलं. चाचांच्या पायाखाली पाट सरकवून त्या दिवशीचं काम भागवलं. मंगळवारी साडेएकोणीस. पुढच्या शनिवारी सव्वाएकोणीस. दर वेळी मी ओसरीत थांबायची, दर वेळी तो चहा आणायचा आणि काहीतरी विचारायचा.

"घरी कोण कोण असते?"

"अम्मी. आणि माझी मुलगी, बिट्टो."

"कितीक मोठी?"

"इतकी." मी हात कमरेपाशी धरला.

तो त्या हाताकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मी ओढणी सारखी केली. पुढच्या वेळी पुन्हा, "बिट्टो कितीक झाली?" "चार दिवसांत काय होणार? इतकीच." पुन्हा हात कमरेपाशी. तिसऱ्यांदाही तेच.

"बस स्टँडवर सोडून देऊ काय गाडीनं?"

"नको. मी गाडीवर बसत नाही."

"कोनाच्याच?"

"कोणाच्याच."

बसमध्ये खिडकीशी बसून मी एकटीच हसत असायची. शेजारची बाई वळून पाहायची. मग घर जवळ येई, बिट्टोला सर्दी झाली असेल का, अम्मीने गॅस बंद केला असेल का, हे सगळं पुन्हा डोक्यात सुरू होई आणि हसू मावळे.

पुढच्या मंगळवारी पुन्हा सव्वाएकोणीस निघाली. चाचा वॉकरवर रेलून खुदकन हसले.

"बेटी, ह्या पोट्ट्यानं दहा वर्साचा होता तवापासून आरी धरली. सूतभर चूक नाई त्याची. ह्याच खुर्चीले काऊन चुकून राह्यला, इचार त्याले."

मोहसीनचे कान लाल झाले. "दादा..." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "खुर्ची झाली असती, तर तुम्ही दादाले पाहून सरळ निघून गेल्या असत्या. ओसरीत कायले थांबल्या असत्या?"

खरं तर मी लाजायला हवं होतं. पण मी टेप त्याच्यासमोर धरला.

"हे चाचांच्या खुब्याचं माप आहे. खेळ नाही."

"जास्तच ठेवली, सिस्टर. कमी एकदाबी नाई. म्हनून तर पह्यल्या दिवशी इचारलं होतं तुमाले..."

"पाय अधांतरी राहिले असते. उतरताना सरकले असते." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "थोडंसंच जास्त, नाही का? बिट्टोचे अब्बापण तेच म्हणाले होते. ब्रेक थोडासाच ढिला आहे, उद्या दाखवतो. राजुऱ्याच्या रस्त्यावर गेले ते... त्यांचा उद्या आलाच नाही."

मोहसीनने खुर्ची आडवी केली, आरी घेतली आणि चारही पाय कापले. ओसरीत फक्त आरीचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस. मी टेप लावला. एकोणीस. चाचा बसले, दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकली.

त्या आठवड्यात मी आमच्या हॉस्पिटलमधल्या कमळाताईंना म्हणाले, माझं बल्लारपूर तुम्ही घ्या.

त्यांच्याकडून खबर मिळायची. चाचा आता काठीवर आले. चाचा खुर्चीत बसून रंधा मारतात. मी नुसतं हुं करायची. एकदा कमळाताई म्हणाल्या, "तो म्हातारा विचारत होता, अंजुमबाईच्या, म्हणजे तुझ्या, दाराले पायऱ्या किती. तीन म्हटलं. तेव्हापासून जिन्याचा सराव म्हटलं की तीनच चढतो, तीनच उतरतो. चौथी नाही."

मला अर्थ लागला नाही. की लागला होता, आणि मी तो बाजूला ठेवला होता...

नोव्हेंबर संपत आलेला. रविवारी सकाळी दारात ऑटो थांबला. आतून आधी काठी बाहेर आली, मग चाचा, इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यात. ऑटोमागे मोहसीनची गाडी, मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

चाचा पहिल्या पायरीशी थांबले. 'चढताना चांगला पाय आधी,' मी पुटपुटले. त्यांनी चांगला पाय वर ठेवला, मग ऑपरेशनचा, मग काठी. मोहसीन एक पायरी मागे, हात न लावता, पण लावायच्या तयारीत. अगदी आम्ही शिकवतो तसा. दुसरी. तिसरी.

"रिश्ता घेऊन घरचा मोठा मानूस जाते," चाचा दारात दम घेत म्हणाले. "आमच्या घरी मोठा मीच. म्हनून उशीर झाला, बेटी."

आतून अम्मी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मला सुचलं ते एवढंच, की दिवाण ठेंगणा आहे. मी धावत प्लास्टिकची उंच खुर्ची आणली, उशी घातली, चाचांना बसवलं. मग वळले.

मोहसीन उंबऱ्याबाहेरच होता. त्याने चादर सोडली. सागाची चिमुकली खुर्ची होती. बिट्टो माझ्या मागून निसटली आणि विचारल्याशिवाय बसली. पाठ टेकली. गुडघे सरळ काटकोनात, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट.

"माप कुठून घेतलं?"

त्याने हात कमरेपाशी धरला, मी धरायचे तसा. "तीन खेपा इचारलं. तिन्ही खेपा तुमचा हात एकाच जागी. फकत..." तो थांबला. "मधात दोन महिने गेले. पोरी वाढतात. म्हनून सूतभर जास्त ठेवली."

"पुन्हा जास्त?"

"कमी कधीच नाई."

मी खाली उतरले. तो गोंधळून बाजूला झाला. त्याच्या गाडीशी जाऊन मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी ढकलून पाहिली. मग मागचा. गाडी तसूभर हलली नाही.

"त्याच आठवड्यात नवे टाकले," मागून त्याचा आवाज. "रोज सकाळी पाहतो."

तीन पायऱ्या चढून मी घरात आले. डोळे पुसायला ओढणी पुरेना, तरी पुसले. तो अजून बाहेरच, पहिल्या दिवसासारखा.

"थांबू, का येऊ?"

अम्मी, चाचा, बिट्टो, सगळे माझ्याकडे पाहत होते.

"पाय पुसा," मी म्हणाले, "आणि आत या."