थर्मासमधलं बर्फाचं पाणी

खोटं सांगून मला काय मिळणार? यात माझी लाजच आहे. तरी सांगतो.

१९६१ चा सप्टेंबर. कुवेतला फिंतासची आमची खोली.

रात्र वगैरे नव्हती. शुक्रवारची भर दुपार. जुम्म्याची नमाज पढून आम्ही नुकतेच आलो होतो.

झहूर माझा आतेभाऊ. अहमदीला तेल कंपनीत स्टोअरकीपर. एक नंबरचा दीडशहाणा. साहेबाशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलला की आठवडाभर आमच्यासमोर नाकाने कांदे सोलायचा.

त्याची आई, म्हणजे माझी सख्खी फुफू, दाभोळजवळच्या गावात अंथरुणाला खिळलेली. चार वर्षांत तिने पोराचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याला रजा मिळाली. हा पठ्ठ्या मुंबईला बोटीतून उतरला आणि थेट काश्मीरला गेला. गावी गेलं की ट्रंक उघडावी लागते, याला घड्याळ, त्याला अत्तर... कोण वैताग घेणार, म्हणे.

जाताना “हारून, हे तेवढं टाक,” म्हणत आईच्या नावाचं एक पत्र माझ्याकडे देऊन गेला. ‘साहेबाने रजा नाकारली.’ वर कुवेतचा शिक्का हवा, म्हणून ते मी टाकायचं होतं.

मी टाकलं.

परत आला तो थर्मास मिरवत. पहाडात दोन दिवस तट्टावर बसून गेला होता. तिथे हिमनदी वितळून कड्यावरून पडते, त्या धबधब्याचं पाणी भरून आणलं होतं. तीन आठवडे झाकण उघडलं नव्हतं. आम्ही टँकरचं पाणी पिणारी माणसं, म्हणून आम्हाला खिजवायला!

धबधब्यापुढे उभा असलेला फोटोही दाखवला. मागे तारीख... १२ ऑगस्ट.

“तिथे एक म्हातारी बसलेली,” तो हसत म्हणाला. “मला म्हणते, पोरा, घोटभर पानी दे. म्हटलं, एवढी नदी कोसळतेय, लाव की तोंड!”

मी विचारलं, “कुठल्या भाषेत म्हणाली?”

तो बोलायला गेला...

आणि थांबला.

काश्मीरच्या पहाडात ती म्हातारी आमच्या कोकणी बोलीत बोलली होती. गाढवाला ते तेव्हा कळलंच नव्हतं!

माझ्या खिशात सकाळीच आलेलं पत्र होतं. गावी फुफूचं सगळं करणाऱ्या नूरबानूचं. मी ते फोडून मोठ्याने वाचलं.

फुफू गेली. १२ ऑगस्टला, दुपारी. शेवटी कुणाच्याच हातचं पाणी घेईना. “माझा झहूर पाण्याजवळ उभा आहे, तोच देईल,” एवढंच म्हणत राहिली. सगळ्यांनी समजावलं, तो कुवेतला आहे, साहेबाने रजा दिली नाही. ती ऐकेना.

झहूरने थर्मास उघडला. आईच्या नावाने पाणी ओतायचं होतं बहुतेक.

आत बर्फाचे खडे खुळखुळत होते.

तीन आठवड्यांनी... सप्टेंबरात... कुवेतला!

तेवढ्यात बाहेर धो धो आवाज सुरू झाला. आम्ही धावलो. दारातल्या पिंपातून येत होता. दोन दिवस टँकर आला नव्हता.

मी वाकून पाहिलं. पिंपाचा तळ कोरडा ठणठणीत.

आवाज थांबला. मग त्याच पिंपातून, अगदी हळू...

“पोरा, घोटभर पानी दे.”

झहूर आठवड्याच्या आत नोकरी सोडून गावी गेला. आता आईच्या कबरीवर रोज घागर ओततो म्हणतात. जिवंतपणी एक घोट दिला नाही, आता घागरी ओततोय!

मी कोणत्या तोंडाने हसू?

आठ वर्षं झाली. मी अजून त्याच खोलीत आहे. बारा ऑगस्टला दुपारी तो आवाज येतो. पण आता ‘पोरा’ म्हणत नाही...

“हारून” म्हणतो.

मी पेला भरून उंबऱ्यावर ठेवतो. या उन्हात तासाभरात पाणी बोटभर आटतं.

त्या पेल्यातलं आटत नाही. संध्याकाळी काठोकाठ असतं, ठेवलं होतं तेवढंच.

माझ्या हातचं ती घेत नाही.